शिरिषाचं खोड

माझी भाची ठकी गेली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. ठकी हे नाव मीच पाडलेलं. मी सुतार माणूस. ती जन्मली तेव्हा मी तिच्यासाठी एक लाकडी ठकी करून नेली आणि पाळण्यात वाकून म्हणालो, "ताई, बाहुलीपेक्षा ही जास्त ठकी दिसते." ताईनं मला तिथल्या तिथे एक धपाटा घातला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मोठी झाल्यावर ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. मला म्हणायची, "मामा, करवतीचे दात किडले की घेऊन या. तुमचा नंबर आधी लावते."

त्या गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास वादळ आलं. पुरतं अर्धा तासही नव्हतं. ठकी नुकतीच कामावरून आली होती. फाटक वाऱ्यानं आपटत होतं म्हणून ती चपला पायात सरकवून परत बाहेर गेली, आणि कडी लावत असताना घरासमोरचा शिरीष मुळासकट आडवा झाला. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिला सगळं दिसलं. याच्यापुढचं मला सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही.

नगरपालिकेची माणसं आली. त्यांनी फांद्या तोडल्या, ठकीला बाहेर काढलं. जलवाहिनी मुळांनी उचकटली होती म्हणून त्यांनी बुडखा कापून वेगळा केला, उचलून नेला आणि खड्डा त्याच संध्याकाळी बुजवला. अंगणात उरलं ते बारा फुटांचं सरळ खोड, जाडीला अडीच फूट. ते न्यायला आठ दिवसांनी गाडी पाठवतो म्हणाले.

गाडी आली तेव्हा दाजी, म्हणजे ताईचे यजमान, फाटकात उभे राहिले. "हे इथून हलणार नाही," म्हणाले.

मुकादम समजूतदार होता. त्यानं घरात काय घडलंय ते ऐकलं होतं. "साहेब, रोज डोळ्यांसमोर राहील तुमच्या. घेऊन जातो ना."

"राहू दे डोळ्यांसमोर."

गाडी रिकामी परत गेली. ताईनं त्या दिवसापासून पुढच्या दाराला कडी घातली आणि मागच्या दारानं ये-जा सुरू केली.

दाजी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर. तीस वर्षं नोकरी. बोलणं मोजकं, पण पंप नुसता ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणार. ठकी गेल्यावर महिनाभर ते कामावर गेले, आले, जेवणाच्या ताटावर बसले आणि उठले. मग एका सकाळी माझ्या कारखान्यात आले. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची लांब शेड, एक रंध्याचं मशीन आणि मी. हातात दुमडलेला कागद होता. कागदावर दोन चाकं, त्यांच्यावर ताणलेला पट्टा, खाली रूळ.

"पट्ट्याची करवत करायची," ते म्हणाले. "खोड जागेवर राहणार आणि करवत रुळांवरून त्याच्यावर चालत जाणार. सुटे भाग करून नेता येतील अशी. घरी आवाज चालणार नाही, म्हणून इथं जोडतो."

मी कागद बघितला. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो फळ्यांचा. शिरिषाचा गाभा असा तपकिरी निघतो की रंधा मारला की नुसतं बघत राहावं. मग लगेच स्वतःचीच लाज वाटली. तोंडानं मात्र मी एवढंच म्हणालो, "दाजी, लाकडाच्या वखारीत देऊ की. दोन तासांत कापून देतील."

"वखारीत नाही."

"मग साखळीची करवत आणतो मी."

"ती बोटभर लाकूड खाते आणि उरलेलं चावून ठेवते. मला स्वच्छ काप पाहिजे, मेव्हण्या."

दुःखातल्या माणसाशी वाद काय घालायचा? मी एक कोपरा रिकामा करून दिला.

चार महिने ते काम चाललं. रोज पंपघरातून सुटले की दाजी शेडमध्ये यायचे आणि दिवे लागायच्या आत जायचे. भंगारातून जुन्या मोटारीची दोन चाकं आणली, टायरसकट. पट्टा त्या रबरावरूनच फिरणार होता. शेतावरच्या पंपाचं जुनं पेट्रोल इंजिन मिळालं, ते त्यांनी उघडून धुऊन पुसून असं ठेवलं की मालकानंही ओळखलं नसतं. लोखंडी अँगलचे रूळ दोन तुकड्यांत केले, मध्ये बोल्टनं जोडायचे. चाकं आणि इंजिन वाहणारा गाडा वर-खाली करायला आटे पाडलेले दोन दांडे, आणि दोन्ही एकदम फिरावेत म्हणून सायकलची चेन. मी लाकडाचा माणूस, लोखंडातलं मला फारसं कळत नाही, पण धरायला, उचलायला आणि चुकीच्या वेळी सल्ला द्यायला मी होतोच.

"हे डावीकडे जरा कलतंय का?" मी विचारायचो.

"तू कलतोयस," दाजी म्हणायचे. तेवढीच काय ती थट्टा. पण त्या चार महिन्यांत त्यांच्या तोंडून तेवढी तरी निघत होती, म्हणून मी मुद्दाम विचारायचो.

अवघड होतं ते चाकांना बरोबर तिरकं बसवणं. केसभर कमी-जास्त झालं की पट्टा सरकतो आणि उतरतो. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी दहा पावलं मागे उभा होतो. दाजी हात लावून जवळच. इंजिननं वेग घेतला आणि काही कळायच्या आत पट्टा निसटला, फटकन हवेत उलगडला आणि त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर पत्र्याच्या भिंतीत जाऊन घुसला. मी धावत जाऊन इंजिन बंद केलं. दाजी होते तिथंच उभे. मागेसुद्धा सरले नव्हते.

"अहो, लागलं असतं म्हणजे?" मी ओरडलो.

"लागलं असतं तर लागलं असतं," ते म्हणाले आणि पाना शोधायला लागले.

मी त्यांच्या हातातून पाना काढून घेतला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "या लाकडाचा दवाखान्यासाठी एखादा बाक करू आपण, ठकीच्या नावानं. मी करतो. असा करतो की—"

"मला फळ्या नकोत," दाजी म्हणाले. "मला आत बघायचंय."

"आत म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. नगरपालिकेनं बुडखा कापला तेव्हा खोडाच्या त्या टोकाला मध्यभागी वाटीएवढा काळसर डाग दिसला होता. गाभा मुळातच तपकिरी, त्यामुळे नुसतं टोक बघून कळत नाही की ते रंगाचं आहे की कुजलेलं. मुळं बघावीत तर ती गेली, खड्डाही गेला. "आठवतं तुला?" दाजी म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी आपण झाडाची मोठी फांदी तोडली. स्वयंपाकघराच्या पत्र्यावर शेंगा वाजायच्या ती. झाडाला जखम झाली की तिथून पाणी शिरतं, कूज शिरते आणि आतल्या आत खाली उतरते, म्हणतात. ती तिथूनच मुळापर्यंत गेली असेल, तर झाड वादळानं नाही पडलं. मी पाडलं. आडवा काप घेऊन ते कळणार नाही. फांदीच्या मधून उभा चिरला तरच कळेल."

मला ती फांदी आठवत होती. ठकीची बारावीची परीक्षा होती, आणि वाळलेल्या शेंगांचा खुळखुळाट तिला अभ्यास करू देत नाही म्हणून ताई मागे लागली होती. दाजी शिडीवर होते. करवत माझी होती, नुकती धार लावलेली. दाजींनी फांदी हातभर सोडून कापायला घेतली होती आणि खालून मीच ओरडलो होतो, "खुंट कशाला ठेवता? खोडाला अगदी घासून घ्या. दिसायला चांगलं दिसेल!" फांदीच्या मुळाशी जी फुगीर गोट असते, ती जखम भरून काढते, असं आता लोक सांगतात. ती आम्ही साफ कापून टाकली होती. लाकडातला माणूस मी. दाजींनी माझं ऐकलं, कारण लाकडातलं मला कळतं, असा त्यांचा समज होता.

दाजींना माझं ते ओरडणं आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी ते कधी काढलं नाही.

भिंतीत घुसलेला पट्टा वाया गेला होता. नवा मागवायचं काम माझ्याकडे होतं. तो सहा दिवसांत आला. मी तो प्लायवुडच्या थप्पीमागे ठेवला आणि दाजींना सांगितलं, "अजून आला नाही." दुसऱ्या आठवड्यातही तेच सांगितलं. तिसऱ्यातही. ते रोज यायचे, गाडा रुळांवरून पुढे-मागे ढकलून बघायचे, तेल घालायचे, पुसायचे आणि जायचे. मला वाटायचं, यांचा नाद सुटेल. खरं तर मला वाटायचं, खोड न उघडताच सडून जावं. मी त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी तो पट्टा लपवला होता.

मग एका दुपारी ताई शेडमध्ये आली. ठकी गेल्यापासून ती पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. खूप वाळली होती. तिनं करवतीकडे बघितलं, हात लावला नाही.

"हीच का ती?"

"हो."

"काय करायचंय यांना हिचं?"

"खोड कापायचंय."

"ते मला पण दिसतंय रे. का कापायचंय, ते विचारतेय. माझ्याशी बोलत नाहीत. रात्री झोपत नाहीत, जेवताना घास हातात धरून बसतात. तुला सांगितलंय त्यांनी काहीतरी. तुझ्या तोंडावरून कळतं मला, लहानपणापासून कळतं."

"ताई, तू नको—"

"बरं, नको सांगूस. पण जे काय आहे ते होऊन जाऊ दे. ते लाकूड दारात पडून आहे तोवर आम्ही दोघं पण तसेच पडून आहोत."

ती गेल्यावर मी थप्पीमागून पट्टा काढला. संध्याकाळी दाजी आले तेव्हा तो त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी खोक्यावरची तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "आला म्हणायचा," एवढंच म्हणाले.

चाकं बसवायला आणखी चार दिवस गेले. शेवटी पट्टा असा फिरायला लागला की फिरतोय हे कळू नये. एका रविवारी सकाळी आम्ही करवतीचे भाग टेम्पोत घालून घरी नेले.

खोडाच्या दोन्ही बाजूंना रूळ मांडले, खाली गुटके देऊन समपातळीत आणले. मग पहारी घालून खोड फिरवलं. दाजींना फांदीची जुनी खूण नेमकी बाजूला, क्षितिजाच्या पातळीत हवी होती, म्हणजे मधला काप त्या खुणेच्या बरोबर पोटातून जाईल. खूण म्हणजे सालीतली नुसती एक मिटलेली घडी होती. नऊ वर्षांत सालीनं जखम बेमालूम झाकून टाकली होती. बोटानं चाचपली नसती तर सापडली नसती. दाजींनी तिच्यावर खडूनं रेघ मारली.

ताई खिडकीत आली नाही. आत भांड्यांचा आवाज चालू होता.

इंजिन सुरू झालं. पट्ट्यावर डब्यातून पाणी ठिबकत होतं. दाजींनी गाडा ढकलायला सुरुवात केली, सावकाश, इंजिनच्या आवाजाकडे कान देत. करवत खोडात शिरली आणि भुशाचा फवारा उडाला. शिरिषाचा भुसा नाकात गेला की माणूस शिंकून शिंकून बेजार होतो. मी शिंकत होतो, दाजी शिंकत होते, दोघांचेही डोळे लाल. वरचं सालीचं फळकूट निघालं, मग पांढुरकी फळी, मग कडेला पांढरी आणि मध्ये तपकिरी. प्रत्येक फळी मी उचलून भिंतीला उभी करत होतो. पाचवी फळी स्वच्छ होती. सहावी अशी देखणी होती की दुसऱ्या कुठल्याही झाडाची असती तर मी हरखलो असतो. मनात म्हटलं, नसेलच काही. सुटलो.

सातव्या कापाला पट्ट्याचा आवाज बदलला. गाडा मध्येच हलका गेला, खाली काही नसल्यासारखा. दाजी थांबले नाहीत. टोकापर्यंत गेले, इंजिन बंद केलं, आणि आम्ही दोघांनी फळी उचलून बाजूला केली.

फांदीच्या खुणेपाशी मुठीएवढी पोकळी होती. तिथून काळी पट्टी निघाली होती, हाताएवढी रुंद. ती खाली उतरत, रुंदावत थेट बुडाच्या त्या डागाला जाऊन मिळाली होती. वरच्या बाजूला एक बोटही गेली नव्हती. दाजींनी खिशातला चाकू काढून खरवडलं. लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं निघून आलं.

ते खाली बसले. मी म्हणालो, "दाजी, त्या दिवशी रस्त्यावरची आणखी चार झाडं पडली. धडधाकट होती. वारंच तसं होतं."

"असेल," ते म्हणाले.

आमच्या पाठीमागे दार वाजलं. ताईनं पुढच्या दाराची कडी काढली होती. ती पायरीवर उभी होती, ओले हात पदराला पुसत. "काय निघालं?"

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मुळाकडून कूज आली होती, ताई. जमिनीतूनच. कुणाला कळलं नसतं."

ताई पायरी उतरून आली, फळीपाशी गुडघ्यांवर बसली आणि त्या पोकळीत बोट घातलं. मग बोट त्या काळ्या पट्टीवरून खाली, खाली बुडापर्यंत नेलं. तिथून पुन्हा वर, पोकळीपर्यंत आणलं. शेतावर वाढलेली बाई ती, तिला झाड वाचायला कुणी शिकवायला नको होतं.

"ही आपण तोडलेली फांदी," ती म्हणाली. "मी मागे लागले होते. चार दिवस डोकं खाल्लं होतं तुमचं. तुम्ही म्हणत होतात, राहू दे, परीक्षा होईपर्यंतच वाजतील."

"करवत माझ्या हातात होती," दाजी म्हणाले.

आता मला गप्प राहणं शक्य नव्हतं. "घासून कापा, असं मी सांगितलं," मी म्हणालो. "दाजी खुंट ठेवत होते. मी खालून ओरडलो. आणि पट्टासुद्धा मीच लपवला होता, तीन आठवडे."

"माहितीय," दाजी म्हणाले.

मला वाटलं होतं, हे बोलून टाकलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. तिघांनी आपापलं सांगितलं, पण कुणाचंच ओझं कमी झालं नाही, आणि कुणी कुणाला म्हणालंही नाही की तुझी चूक नव्हती. ताई पोकळीवर हात ठेवून बराच वेळ बसली. मग उठून आत गेली. दार तिनं उघडंच ठेवलं.

उरलेलं खोड दाजींनी दुसऱ्या दिवशी एकट्यानं कापलं. मी तीन आठवडे त्या घराकडे फिरकलो नाही. शेडमध्ये काम आहे, असं स्वतःलाच सांगत होतो. शेवटी ताईचाच फोन आला. "फळ्या उन्हात वाकड्या व्हायला लागल्यात. हे नुसते बघत बसतात. सुतार आहेस ना तू? ये आणि नीट रचून दे."

मी गेलो. तिघांनी मिळून थप्पी रचली. दोन फळ्यांच्या मध्ये वारा खेळावा म्हणून पट्ट्या ठेवायच्या असतात, त्या ताई ठेवत होती, आणि माझ्यापेक्षा सरळ ठेवत होती. काळी पट्टी असलेली फळी कुठे ठेवायची, असं मी विचारलं. जाळायची का, असं मनात होतं, पण म्हणालो नाही. "बाकीच्यांबरोबरच," ताई म्हणाली. ती फळी थप्पीत मध्येच कुठेतरी गेली, वरून दिसेनाशी झाली. या फळ्यांचं काय करायचं, ते कुणी काढलं नाही. दोन वर्षं तरी त्या वाळायला हव्यात.

काम संपल्यावर आम्ही पायरीवर बसलो. अंगणात आता सावली नव्हती, ऊन सरळ स्वयंपाकघरात जात होतं. मग ताईनं, कुठून आठवलं कोण जाणे, एकदम विचारलं, "ठकीनं गाडीच्या परवान्याची परीक्षा दिली होती, आठवतं तुम्हाला?"

"हो, पास झाली ना," दाजी म्हणाले. "पहिल्या फटक्यात."

"पहिल्या कसली? दोनदा नापास झाली होती. तुम्हाला सांगू नको, अशी शपथ घातली होती मला. पहिल्यांदा म्हणाली साहेब रजेवर होते, दुसऱ्यांदा म्हणाली पाऊस होता. पाऊस कुठला, उन्हाळा होता!"

"दोनदा?" दाजी म्हणाले.

"तीनदा," मी म्हणालो. "तिसऱ्यांदा मी बरोबर होतो. गाडी मागे घ्यायला सांगितली, तर तिनं साहेबांच्या खुर्चीला टेकवली. साहेब खुर्चीतच होते."

ताईनं माझ्याकडे बघितलं. "हे मला पण नाही सांगितलं तिनं!"

दाजी हसले. ते आधी नाकातून हसले, मग खांदे हलायला लागले, मग मोठ्यानं. बऱ्याच महिन्यांनी ते हसणं ऐकलं आम्ही. हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचं हसणं कधी तुटलं ते मला कळलं नाही. ताई सरकून त्यांच्या जवळ बसली. पाठीवर हात ठेवला.

मग म्हणाली, "खुर्चीला टेकवली म्हणजे? नीट सांग रे. सुरुवातीपासून सांग."

मी सुरुवातीपासून सांगायला लागलो.